पासवर्ड बरोबर आहे, तरी लॉगिन का होत नाही?

'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' ही म्हण ज्याने कुणी काढली त्याच्या काळी सर्व्हर रूम नव्हती. असती तर त्याला एवढ्या लांब रामेश्वरला जावंच लागलं नसतं. मॉनिटरिंगच्या पडद्यावर लाल पट्टी येते, 'लॉगिन फेल्ड', आणि सगळी मंडळी पासवर्ड बदलायला धावतात. पासवर्ड बदलला की त्याच पासवर्डवर चाललेल्या आणखी दोन गोष्टी बंद पडतात. त्या चालू करायला तिसरा पासवर्ड. संध्याकाळपर्यंत मूळ बिघाड जिथल्या तिथे, आणि शेवटी ठेवलेला पासवर्ड नक्की कोणता हे कुणालाच आठवत नाही.

मेकॅनिकल आणि सिव्हिलच्या मित्रांसाठी आधी दोन शब्द. हल्ली एका दणकट मशीनवर दहा-वीस 'आभासी' मशीन्स चालवतात. हे करणाऱ्या सॉफ्टवेअरला हायपरव्हायझर म्हणतात. व्हीएमवेअरचं ईएसएक्सआय हे त्यातलं सर्वांत प्रसिद्ध, आणि असे अनेक होस्ट एका जागेवरून सांभाळणारं व्हीसेंटर. दुसरीकडे झॅबिक्स, नेगिऑस यांसारखी मॉनिटरिंगची सॉफ्टवेअर. दर थोड्या वेळाने ती प्रत्येक होस्टला विचारत असतात, बाबा रे, मेमरी किती उरली, डिस्क भरत आली का, कुठलं मशीन झोपलं का? हे विचारायचं तर आधी आत जावं लागतं, म्हणजे लॉगिन करावं लागतं. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची, वेगवेगळ्या वर्षांतली सॉफ्टवेअर या एका सांध्यावर भेटतात. सांधा कुठलाही असो, गळती तिथेच सुरू होते, हे सिव्हिलवाल्यांना मी काय सांगणार!

माझं मत सरळ आहे. या बिघाडात पासवर्ड चुकलेला असण्याची शक्यता जितकी आपण धरतो त्यापेक्षा बरीच कमी असते. 'लॉगिन फेल्ड' म्हणजे डॉक्टरकडे जाऊन 'बरं वाटत नाही' म्हणण्यासारखं आहे. त्यावर डॉक्टर लगेच सलाईन लावत नाही, आधी चार प्रश्न विचारतो. आपण मात्र थेट सलाईन लावतो, आणि त्या सलाईनचं नाव असतं रूट. रूट म्हणजे मशीनचा सर्वेसर्वा. 'मॉनिटरिंगला रूटच देऊन टाक, कटकट नको' हे वाक्य मी प्रयोगशाळेत, इंटर्नशिपला आणि सीनियर्सच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं आहे की एव्हाना ते जर्नलच्या पहिल्या पानावर छापायला हरकत नाही.

आता ते चार प्रश्न. विनंती गेली तरी कुठपर्यंत, हे आधी बघायचं. झॅबिक्स ईएसएक्सआयशी किंवा व्हीसेंटरशी ४४३ नंबरच्या पोर्टवर, एसडीके नावाच्या पत्त्यावर बोलतं. तिथपर्यंत पोहोचलंच नाही तर लॉगिनचा प्रश्नच येत नाही. पण इथे एक गंमत होते. आपण आपल्या लॅपटॉपवरून ब्राउझर उघडतो, पान दिसतं, आणि 'नेटवर्क ओके आहे' असं जाहीर करतो. अरे, पण मॉनिटरिंग तुझ्या लॅपटॉपवरून चालतं का? ज्या मशीनवर ते बसलंय तिथूनच तपासायला हवं, आणि शक्यतो ज्या यूजरच्या नावाने ते चालतं त्याच्याच नावाने. रेड हॅट घराण्यातल्या लिनक्सवर एसईलिनक्स चालू असतं. त्यात झॅबिक्सला बाहेर जोडणी करायची परवानगी वेगळी द्यावी लागते. रूट म्हणून हाताने कमांड दिली की चालते आणि सर्व्हिस म्हणून चालत नाही, हे कोडं बरेचदा एवढ्याशा एका स्विचवर सुटतं.

जोडणी झाली तरी पुढे टीएलएसचा हस्तांदोलनाचा कार्यक्रम असतो. कोणत्या आवृत्तीत बोलायचं हे दोन्ही बाजू ठरवतात. व्हीस्फिअर ६.५ मध्ये टीएलएस १.०, १.१ आणि १.२ अशा तिन्ही चालू होत्या. ६.७ पासून जुन्या दोन मुळातच बंद आल्या. म्हणजे होस्ट अपग्रेड झाला, मॉनिटरिंग जुन्याच मशीनवर, जुन्याच लायब्ररीवर राहिलं, तर एकाने मोडी लिहावी आणि दुसऱ्याला फक्त देवनागरी यावी तशी गत होते. पासवर्ड बोलायची वेळच येत नाही. पण काही सॉफ्टवेअर या सगळ्याला मिळून एकच निरोप देतात: लॉगिन झालं नाही. अपग्रेडच्या दुसऱ्याच दिवशी 'पासवर्ड चुकीचा' यायला लागला तर पासवर्डला हात लावण्याआधी हे बघा. पासवर्ड बिचारा कालही तोच होता.

आणि समजा विनंती खरोखरच दारापर्यंत पोहोचली. तिथून जे उत्तर येतं ते असं: 'कॅनॉट कम्प्लीट लॉगिन ड्यू टू ॲन इनकरेक्ट यूजर नेम ऑर पासवर्ड'. यातला 'ऑर' बघा. नाव चुकलं की पासवर्ड, हे ते मुद्दाम सांगत नाही. सांगितलं तर बाहेरच्या चोराला निम्मी माहिती फुकट मिळेल. त्यामुळे या मोघमपणाबद्दल कंपनीला शिव्या देण्यात अर्थ नाही. ते बरोबरच वागतात. मात्र जे बाहेरच्याला सांगायचं नाही ते होस्ट स्वतःच्या लॉगमध्ये लिहून ठेवतो. लाल पट्टी मॉनिटरिंगवर, पण तिचं कारण समोरच्या मशीनच्या लॉगमध्ये. माझ्या पाहण्यातले दहापैकी आठ जण फक्त लाल पट्टीकडेच बघत बसतात.

या लॉगमध्ये सापडणारी सर्वांत रंजक गोष्ट म्हणजे खात्याला लागलेलं कुलूप. व्हीस्फिअर ६.० पासून ईएसएक्सआयमध्ये ही सोय आली. ६.० मध्ये दहा चुकीचे प्रयत्न झाले की खातं बंद व्हायचं आणि दोन मिनिटांनी आपोआप उघडायचं. पुढच्या आवृत्त्यांत नियम कडक झाला: पाच चुका, आणि १५ मिनिटं कुलूप. हिशोब करा. कुणीतरी शहाणपणा करून होस्टचा रूट पासवर्ड बदलला. चांगलंच केलं, बदलायलाच हवा. पण मॉनिटरिंगमध्ये जुनाच राहिला. झॅबिक्स मुळातल्या सेटिंगप्रमाणे दर ६० सेकंदांनी व्हीएमवेअरकडे विचारणा करतं. म्हणजे पाच मिनिटांच्या आत पाच चुका. नेगिऑसवर तर एका होस्टसाठी सीपीयू, मेमरी, डेटास्टोअर अशा दहा तपासण्या असतील आणि प्रत्येक तपासणी आपलं वेगळं लॉगिन करत असेल, तर पहिल्याच फेरीत कोटा संपला. पंधरा मिनिटांनी कुलूप उघडायच्या वेळी दारावर पुन्हा तीच चुकीची किल्ली घेऊन तेच महाशय हजर. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, कुणीतरी हल्ला करतंय. हल्ला करणारा आपलाच, पहाऱ्याला ठेवलेला रखवालदार असतो.

आता यात माणूस कसा फसतो ते बघा. नवा पासवर्ड माहीत असलेला ॲडमिन स्वतः ब्राउझरमधून लॉगिन करायला जातो. कुलूप लागलेलं असल्यामुळे त्यालाही तेच उत्तर: नाव किंवा पासवर्ड चुकीचा. तो चक्रावतो. मग सर्व्हर रूममध्ये जाऊन, मॉनिटर-कीबोर्ड लावून समोरच्या पिवळ्या-करड्या पडद्यावर तोच पासवर्ड टाकतो, आणि सुरळीत आत जातो! कारण हे कुलूप एसएसएच आणि एसडीकेवरून येणाऱ्यांसाठीच असतं. समोर बसून, कन्सोलवर लॉगिन करणाऱ्याला ते लागू नाही. यावरून आपला हुशार विद्यार्थी निष्कर्ष काढतो: पासवर्ड बरोबर आहे, म्हणजे सॉफ्टवेअर बंडल आहे. आणि नवं सॉफ्टवेअर टाकायच्या तयारीला लागतो. आजार म्हशीला आणि औषध पखालीला! होस्टच्या लॉगमध्ये मात्र स्वच्छ एक ओळ पडलेली असते: अमुक इतक्या चुकीच्या प्रयत्नांनंतर 'रूट' या खात्याचा दूरवरून प्रवेश ९०० सेकंदांसाठी बंद केला आहे. ९०० सेकंद म्हणजे १५ मिनिटं. सगळी गोष्ट एका ओळीत.

हे कुलूप काढून टाकायचा एक 'उपाय' सर्रास सांगितला जातो, चुकांची मर्यादा शून्य करा, म्हणजे कुलूप कधी लागणारच नाही. मला हा उपाय अजिबात पटत नाही. कुत्रा रात्री भुंकतो म्हणून त्याला सोडून देण्यातला हा प्रकार आहे. मॉनिटरिंगला स्वतःचं वेगळं खातं द्या, म्हणजे कुलूप लागलंच तर त्याच्या खात्याला लागेल, तुमचं रूट मोकळं राहील. आग लागल्यावर पळायच्या दारात कुणी सायकल लावतं का? रूट हे ते दार आहे. मध्यरात्री डिस्क भरून परीक्षेचा सर्व्हर अडकला आणि नेमकं तेव्हाच रूटला कुलूप असलं, तर पंधरा मिनिटं ही फार मोठी वेळ असते.

रूटवरून आठवलं. व्हीसेंटर असलेल्या ठिकाणी 'रूटचा पासवर्ड दे' असं कुणी म्हटलं तर आधी विचारायचं, कुठल्या रूटचा? ईएसएक्सआय होस्टचा रूट वेगळा. व्हीसेंटर ज्या लिनक्सवर चालतं त्याचा रूट वेगळा. आणि व्हीसेंटरच्या आत शिरायचं तर या दोघांपैकी कुणीच नेहमीचा नाही. तिथला मालक 'ॲडमिनिस्ट्रेटर ॲट व्हीस्फिअर डॉट लोकल'. एकाच वाड्यात तीन बंडोपंत राहावेत तसं हे आहे, पोस्टमन चुकणारच. शिवाय २०१२ सालच्या व्हीस्फिअर ५.१ पासून सिंगल साइन-ऑन आलं, तेव्हापासून नावामागे कुळ, म्हणजे डोमेन, लावावं लागतं. नुसतं 'मॉनिटर' असं नाव दिलं तर व्हीसेंटर ते आपल्या ठरलेल्या डोमेनमध्ये शोधतं. कुणी ते ठरलेलं डोमेन बदलून ॲक्टिव्ह डिरेक्टरी केलं, की काल चालणारं नाव आज 'चुकीचं' होतं. नावातलं एक अक्षर न बदलता! आणि व्हीस्फिअर डॉट लोकलमधल्या खात्यांचा पासवर्ड मुळातल्या धोरणानुसार ९० दिवसांनी संपतो. सेमिस्टरच्या सुरुवातीला थाटामाटात उभं केलेलं मॉनिटरिंग ऐन सबमिशनच्या आठवड्यात का मान टाकतं, याचं कारण काही वेळा ग्रहांत नसून या आकड्यात असतं.

आता पासवर्डमधल्या अक्षरांकडे येऊ, कारण इथे मला लेख आवरता घ्यायचा नाही. सगळे नियम सांगतात, पासवर्डमध्ये विशेष चिन्हं हवीत. चिन्हं घातली की मधल्या प्रत्येक सॉफ्टवेअरचा त्या चिन्हाबद्दल स्वतःचा समज निघतो. नेगिऑसच्या फाइलमध्ये उद्गारचिन्ह म्हणजे एक आर्ग्युमेंट संपून दुसरं सुरू. तुमचा पासवर्ड तिथे दोन तुकडे होऊन जातो, पहिला तुकडा पासवर्ड म्हणून, दुसरा भलत्याच कामाला. डॉलरचं चिन्ह म्हणजे नेगिऑसला वाटतं मॅक्रो सुरू झाला. खरा डॉलर हवा असेल तर दोनदा लिहावा लागतो. अर्धविराम दिसला की पुढचं सगळं टिप्पणी समजून सोडून देतं. लिनक्सच्या शेलला डॉलर दिसला की तो व्हेरिएबल शोधतो, सापडला नाही तर तिथे रिकामी जागा. विंडोजचं डोमेन आणि नाव यांच्यामधला उलटा तिरका दांडा शेल गिळून टाकतो, ढेकरही देत नाही. सोप म्हणजे शेवटी एक्सएमएल. त्यात अँपरसँड तसाच गेला तर कागदच फाटतो. आणि आपला राष्ट्रीय पासवर्ड, 'ॲडमिन ॲट वन टू थ्री'? तो कुणी थेट वेबच्या पत्त्यात नाव-पासवर्ड घालून लिहिला तर त्यातलं 'ॲट' बघून पत्ता तिथेच मोडतो आणि उरलेलं मशीनचं नाव समजलं जातं. इथे मात्र मला वाईट वाटत नाही. तो पासवर्ड मोडायलाच हवा.

याची तपासणी अगदी सोपी आहे. त्याच खात्याला दहा मिनिटांसाठी निव्वळ अक्षरं आणि आकडे असलेला लांबलचक पासवर्ड द्या. चाललं, तर गुन्हेगार चिन्हांमध्ये आहे. नंतर चिन्हं परत घाला, पण जिथे जशी एस्केप करायची तशी करून. 'चिन्हंच नकोत' असा शॉर्टकट मारणारे असतात. पासवर्ड पुरेसा लांब असेल तर माझी त्यालाही फारशी हरकत नाही, पण कारण कळल्यावर घेतलेला निर्णय आणि कंटाळून घेतलेला निर्णय यात फरक आहे.

घड्याळाचा मुद्दा लोकांना चेष्टेचा वाटतो. 'वेळेचा आणि लॉगिनचा काय संबंध?' असं खुद्द वायव्हात विचारलं गेल्याचं ऐकलंय. संबंध आहे. सर्टिफिकेटला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. सिंगल साइन-ऑनच्या टोकनला काही काळापुरतीच किंमत असते. ॲक्टिव्ह डिरेक्टरीतलं करबेरॉस तर मुळातल्या सेटिंगप्रमाणे पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक खपवून घेत नाही. आणि ईएसएक्सआय नेहमी यूटीसीमध्ये चालतं, त्याला टाइम झोन हा प्रकारच ठाऊक नाही. आपल्याकडचा एखादा मेहनती माणूस होस्टवर घड्याळ साडेपाच तास मागे दिसतंय असं बघून ते 'दुरुस्त' करतो, हातातल्या घड्याळाप्रमाणे लावतो. झालं! आता होस्ट भविष्यकाळात जगतोय. याचीच दुसरी बाजू लॉग वाचताना येते. बिघाड दुपारी दोन वाजता झाला म्हणून लॉगमध्ये १४:०० शोधत बसलात तर काही सापडणार नाही. ती ओळ ०८:३० ला आहे. साडेपाच तास वजा करायला शिका, निम्मं ट्रबलशूटिंग तिथे होतं. असं म्हणणं थोडं अतिशयोक्तीचं झालं, पण फार नाही.

वीज जाऊन आल्यावरचा एक गुंता तर खास आहे. डोमेन कंट्रोलर, म्हणजे नावं-पासवर्ड तपासणारं मशीन, स्वतःच त्याच होस्टवर आभासी मशीन म्हणून चालत असतं. वीज येते, होस्ट उठतो, मॉनिटरिंग उठतं आणि लगेच दार ठोठावू लागतं. नाव तपासणारा अजून झोपेतच! पाच-दहा मिनिटं सगळीकडे लाल. एखादा घाबरट माणूस त्या दहा मिनिटांत सगळे पासवर्ड बदलून टाकतो, आणि दहा मिनिटांचा प्रश्न दोन दिवसांचा होतो. थोडं थांबणं हेही तंत्रज्ञान आहे.

लॉगिन झालं आणि तरीही काही दिसत नाही, ही वेगळीच जात. व्हीएमवेअरच्या एपीआयमध्ये लॉगिन नाकारायच्या दोन तऱ्हा आहेत. एक, नाव-पासवर्डची जोडीच चुकीची. दुसरी, जोडी बरोबर आहे पण या माणसाला कुठलाच अधिकार दिलेला नाही. दुसऱ्या तऱ्हेत पासवर्ड कितीही वेळा बदला, उपयोग शून्य. त्याच्या पुढची पायरी अशी की व्हीसेंटरमध्ये अगदी वरच्या पातळीवर 'रीड-ओन्ली' अधिकार दिला, पण खालच्या सगळ्यांना तो लागू करायची खूणच केली नाही. मग लॉगिन होतं, यादी मात्र रिकामी. जिल्हाधिकाऱ्याच्या कचेरीत शिरायचा पास आहे, पण एकाही टेबलावर फाइल बघायला मिळत नाही. आणि होस्टवर लॉकडाउन मोड चालू असेल तर थेट होस्टवर येणाऱ्या सामान्य खात्याला दार बंदच. व्हीसेंटरमार्फत या, किंवा अपवादांच्या यादीत नाव घाला. हे बिघाड नव्हेत. कुणीतरी विचारपूर्वक लावलेल्या कड्या आहेत, आणि त्या कुणी लावल्या हे विचारायच्या आधी तोडू नयेत.

'रीड-ओन्ली' देऊन भागत असताना रूट का द्यायचं, हा माझा खरा आक्षेप आहे आणि तो पुस्तकी नाही. मॉनिटरिंगचा सर्व्हर म्हणजे सगळ्या घरांच्या किल्ल्या एका खिळ्यावर टांगलेली खोली. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत सोलरविंड्सच्या ओरायन या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरचं प्रकरण उघडकीस आलं. हल्लेखोरांनी कंपनीच्या अधिकृत अपडेटमध्येच आपला कोड घुसवला होता, आणि कंपनीच्याच अंदाजानुसार १८,००० पेक्षा कमी ग्राहकांनी तो अपडेट घेतला असावा. सरकारी यंत्रणेने आपल्या खात्यांना ओरायन तोडून बाजूला ठेवायचे आदेश दिले. मॉनिटरिंगवरच डोळा का? कारण ते सगळीकडे पोहोचतं, आणि त्याच्याकडे बहुधा गरजेपेक्षा जास्त अधिकार असतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये फ्रान्सच्या सायबर सुरक्षा संस्थेने सेंट्रिऑन या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरच्या सर्व्हरांवर झालेल्या घुसखोरीचा अहवाल काढला, तो २०१७ ते २०२० या काळातला.

होस्टच्या बाजूचंही ऐका. जुलै २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की रॅन्समवेअरवाल्या टोळ्या ईएसएक्सआयची एक खोड वापरत आहेत. होस्ट ॲक्टिव्ह डिरेक्टरीला जोडलेला असेल, तर डोमेनमधल्या 'ईएसएक्स ॲडमिन्स' नावाच्या गटातल्या प्रत्येकाला तो आपोआप पूर्ण अधिकार द्यायचा. असा गट मुळात अस्तित्वात नसला तर चोर स्वतःच तो तयार करायचे! नाव बरोबर असलं की झालं. एका होस्टवर वीस मशीन्स असतील तर एका रूटमध्ये वीस मशीन्स गेली. आपल्या कॉलेजांच्या हिशोबात बोलायचं तर हजेरी, लायब्ररी, निकाल, फी, सगळं एकाच दुपारी.

दुसरी बाजूही मला ठाऊक आहे. बहुतेक ठिकाणी हे सगळं एकच लॅब असिस्टंट सांभाळतो. प्रोजेक्टर चालत नाही, प्रिंटरमध्ये कागद अडकला, ऑनलाइन परीक्षेचे शंभर पीसी तयार करायचे, हे त्याच्याच डोक्यावर. त्याने दोन मिनिटांत रूट टाकून लाल पट्टी हिरवी केली तर त्याला नावं ठेवायचा अधिकार आपल्याला नाही. त्याला कुणी वेळ दिला नाही आणि शिकवलंही नाही. राग यायचा तर आपल्या शिकण्याच्या पद्धतीवर यावा. नेटवर्क मॅनेजमेंटचं पाच अक्षरी एफकॅप्स आपण पाठ करतो, फॉल्ट, कॉन्फिगरेशन, अकाउंटिंग, परफॉर्मन्स, सिक्युरिटी. चार मार्कांना येतं, आकृतीसकट. पण एकाही प्रॅक्टिकलमध्ये 'फॉल्ट' दिलेला नसतो. सगळी प्रॅक्टिकल्स यशस्वी होण्यासाठीच रचलेली. आउटपुट आलं नाही तर शेजारच्याचं प्रिंटआउट.

कुणी म्हणेल, हे व्हीएमवेअरचं कौतुक आता कशाला? नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने कंपनी घेतली, कायमस्वरूपी परवाने विकणं बंद झालं, फुकटचं ईएसएक्सआय २०२४ च्या फेब्रुवारीत बंद झालं आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये परत आलं, या धरसोडीत बरेच जण प्रॉक्समॉक्सकडे वळले. वळा ना, चांगलंच आहे, मीही लॅबच्या मशीनवर तेच वापरतो. पण सांधा तोच राहतो. तिथे पोर्ट ८००६, आणि नावामागचं कुळ 'पॅम' की 'पीव्हीई' हे नीट लिहायचं. पॅमवालं खातं त्या लिनक्सवर खरोखर असावं लागतं, पीव्हीईवालं प्रॉक्समॉक्सच्या स्वतःच्या वहीत असतं. २०२० च्या ६.२ आवृत्तीपासून पासवर्डऐवजी एपीआय टोकन देता येतं, ही तर फारच छान सोय. मॉनिटरिंगचं टोकन रद्द केलं तरी माणसाचं लॉगिन शाबूत. मात्र टोकन बनवताना 'प्रिव्हिलेज सेपरेशन'ची खूण मुळातच केलेली असते. ती राहिली तर यूजरला अधिकार देऊन भागत नाही, टोकनलाही वेगळा द्यावा लागतो. नाही दिला तर टोकन चालतं आणि यादी रिकामी येते. आणि टोकनच्या नावात यूजर आणि टोकन यांच्यामध्ये काय असतं? उद्गारचिन्ह! नेगिऑसवाल्यांनो, सावधान.

म्हणून पुढच्या सेमिस्टरसाठी आमच्या विभागाला माझी एक मागणी आहे, आणि तिला एक रुपयाही लागत नाही. एक जुना पीसी, त्यावर प्रॉक्समॉक्स, शेजारी झॅबिक्स. लॅब इन्स्ट्रक्टरने आधी गुपचूप तीन बिघाड करून ठेवायचे: टोकनचा अधिकार काढून घ्यायचा, फायरवॉलवर ८००६ बंद करायचं, आणि तिसरा त्यांच्या आवडीचा. विद्यार्थ्याने दुरुस्त करायचंच असं नाही. कुठल्या पायरीवर अडलं आणि ते कुठल्या मशीनच्या कुठल्या लॉगवरून कळलं, एवढं जर्नलमध्ये लिहायचं. अट एकच, रूटचा पासवर्ड कुणालाच द्यायचा नाही. दोन तास पुरे होतील. फक्त तिसरा बिघाड म्हणून घड्याळ पुढे ढकलणार असाल तर त्या दिवशीची हजेरी कागदावर घ्या, नाहीतर अख्खी बॅच पुढच्या महिन्यात हजर दिसेल.